अहवाल गावात वाचा, मग गुण घ्या

माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर पाणी आटते एप्रिलमध्ये. महाविद्यालय येते डिसेंबरात. मे महिन्यात बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, झिरपेल तसे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. त्या वेळी ‘शाश्वत ग्रामीण विकास’ शिकवणारे प्राध्यापक उत्तरपत्रिका तपासत असतात आणि तो विषय शिकलेली मुले सुट्टीवर गेलेली असतात. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काळ्या खडकाच्या उभ्या उतारावरून तो काही तासांत खाडीला मिळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगराखाली टँकर फिरतो. संशोधनाला याहून चांगला प्रश्न कुठे मिळेल? पण हा प्रश्न परीक्षेच्या दिवसांत उभा राहतो. मग त्याला विचारतो कोण!

कातकऱ्यांची तऱ्हा तर त्याहून वाईट. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. सर्वेक्षण होते नाताळच्या आगेमागे. म्हणजे कातकरी गावात नसताना कातकऱ्यांचा अभ्यास! घरात सापडतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. त्यांना प्रश्नावली वाचून दाखवतात, टक्केवारी काढतात, रंगीत वर्तुळे काढतात आणि वर ‘आदिवासींची सामाजिक-आर्थिक स्थिती’ असे भरभक्कम शीर्षक चढवतात. ज्या कमावत्या माणसांची ती स्थिती, ती त्या दिवशी भट्टीवर विटा थापत होती. याला शास्त्र म्हणायला मी तयार नाही.

मी पनवेलकर. या भागावरचे प्रबंध, शिबिरांचे वृत्तांत, परिसंवादांच्या स्मरणिका हाताला लागतील तितक्या वाचतो. बहुतेकांचा साचा एकच. सुरुवात नॉर्वेपासून. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या तिथल्या पंतप्रधान असताना त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८७ मध्ये शाश्वत विकासाची व्याख्या केली. ती उतरवून घ्यायची. मग संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेली १७ उद्दिष्टे, त्यांच्या रंगीत चौकोनांसकट. इतके होईपर्यंत तीसेक पाने भरतात आणि पनवेल अजून लांबच असते. गाढी नदी कोणत्या डोंगरातून येते, कासाडी कोणत्या कारखान्यांशेजारून वाहते, खारबांधाला खांड पडली तर दुरुस्ती कोणाकडे, यातले काहीही न सांगता माणूस या विषयात पदवी मिळवू शकतो. ओस्लो ठाऊक आणि ओवळे ठाऊक नाही, अशी ही विद्वत्ता!

पुढे प्रश्नावली. ‘गावातील जलव्यवस्थापन समाधानकारक आहे.’ पर्याय पाच: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णतः असहमत. ज्याच्या विहिरीत खडखडाट आहे त्या ठाकूर म्हाताऱ्याने ‘असहमत’ आणि ‘पूर्णतः असहमत’ यांच्यात निवड कशाच्या आधारावर करायची? आणि पाण्याबाबत तटस्थ असलेला माणूस या पृथ्वीतलावर आहे कुठे? पण रकाना आहे, तो भरला पाहिजे. भरणाराही बहुतेकदा विद्यार्थीच, कारण संध्याकाळच्या आत शंभर उत्तरदाते पुरे करायचे असतात.

आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष. तुम्ही ओळखलाच असेल: ग्रामस्थांमध्ये जागृतीचा अभाव.

जी बाई पहाटे चारला उठून पाण्याला जाते, तिला पाण्याच्या प्रश्नाची जागृती कोण करणार? सकाळी दहाला बसमधून उतरलेला, पाठीवरच्या पिशवीत बाटलीबंद पाणी असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा? त्याला तिच्यापेक्षा काय जास्त ठाऊक आहे? तरीही हा निष्कर्ष अहवालामागून अहवालांत येतो, आणि तो इतका लाडका का, याचे कारण साधे आहे. त्याने कोणाचेच काही बिघडत नाही. पनवेल शहराला पाणी पाजणारे देहरंग धरण याच डोंगरपट्ट्यात आहे. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे इथल्या वाड्यांनी का सोसायचे, असा प्रश्न मांडला तर महापालिकेचे नाव घ्यावे लागते, जिल्हा परिषदेचे घ्यावे लागते, नळयोजना अर्धवट टाकून बिल उचलणाऱ्या ठेकेदाराचे घ्यावे लागते. ‘जागृतीचा अभाव’ म्हटले की दोषी एकटा गावकरी. तो अहवाल वाचणार नाही, त्यामुळे उत्तरही देणार नाही. भित्र्या माणसाला याहून सोयीचा निष्कर्ष सापडणार नाही.

हे सगळे होते कोणासाठी? फायलीसाठी. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी ‘नॅक’ १९९४ पासून आहे; तिच्या निकषांत संशोधन आणि विस्तारकार्य यांना गुण आहेत. गुण आले म्हणजे पुरावे आले, आणि पुरावा म्हणजे फोटो. तोसुद्धा अक्षांश-रेखांशासकट, जिओटॅग केलेला. गावात काय झाले याची नोंद नसली तरी चालेल, पण आपण त्या गावात उभे होतो हे उपग्रहाने सांगितले पाहिजे. म्हणून बॅनर आधी छापला जातो आणि काम नंतर शोधले जाते. केंद्र सरकारने ११ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘उन्नत भारत अभियान’ सुरू केले, त्यात सहभागी संस्थेने किमान पाच गावे दत्तक घ्यायची असतात. ज्या गावाला स्वतःची ग्रामसभा आहे, कायद्याने दिलेले अधिकार आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची शेती आहे, ते गाव पाच वर्षांपूर्वी उघडलेल्या कॉलेजच्या मांडीवर बसवायचे, या कल्पनेतच उद्दामपणा आहे. ग्रामसभेला विचारून दत्तक घेतलेले गाव मला एकदा तरी दाखवा.

राष्ट्रीय सेवा योजनेची मला कदर आहे. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत आणि सात दिवस गावात राहावे, ही अपेक्षा उमदीच होती. ते सात दिवस आज कसे जातात? प्रभातफेरी, योगासने, उद्घाटन, पाहुण्यांचे बौद्धिक, पथनाट्य, समारोप, पाहुण्यांचे दुसरे बौद्धिक. मधल्या सवडीत वनराई बंधारा. वनराई बंधारा ही उत्तम गोष्ट आहे, पण तो घालायचा पाऊस ओसरताना, ओढा वाहता असतो तेव्हा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाणी निघून गेल्यावर डिसेंबरअखेर रिकाम्या ओढ्यात मातीच्या गोण्या रचून काय अडवणार? गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याने हे सांगितले असते. त्याला विचारलेच नाही, कारण त्या वेळी तो मंडपात सतरंजीवर बसून जलसंधारणाचे व्याख्यान ऐकत होता.

मुलांना मी दोष देत नाही. त्यांना जे शिकवले ते ती करतात. शिकवले काय, तर गाव ही मार्गदर्शन करण्याची जागा आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुले शेतकऱ्यांबरोबर राहून काम शिकतात. त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. साऱ्या विद्यापीठीय उपक्रमांत मला हा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण इथे मुक्काम आहे आणि पायाला चिखल लागतो. पण वर्तमानपत्रातल्या फोटोखालची ओळ पाहा: कृषिकन्यांचे शेतकऱ्यांना मार्गदर्शन. चाळीस पावसाळे लावणी केलेल्या माणसाला बावीस वर्षांच्या मुलीने मार्गदर्शन केले म्हणे! ती तिथे शिकायला गेली होती, आणि बरेच शिकलीही असेल. ते छापायची लाज कोणाला वाटते? तिला नाही. तिच्या संस्थेला वाटते.

आता पनवेलच्याच मातीतले खरे संशोधन सांगतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. खारेपाटातली शेती म्हणजे समुद्राशी रोजची झटापट. खाडीच्या कडेने मातीचा बांध, त्यात उघाडी. भरतीला झडप लागते, ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जाते. उधाणाला बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि ती जमीन मिठाने मरते. अशा जमिनीत तग धरणारी भाते इथल्या आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखली होती: काळा राता, भुरा राता. संशोधकांनी काय केले? शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. त्याचे बियाणे मागून घेतले, त्यातून निवड केली. काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण त्यातून उभे राहिले. पुढे भुरा रात्याचा संकर १९६६ मध्ये फिलिपिन्समध्ये तयार झालेल्या आयआर-८ शी करून ‘पनवेल-१’ हे क्षार सोसणारे भात आले, मागोमाग पनवेल-२ आणि पनवेल-३. आमचा काळा राता फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेपर्यंत पोहोचला. खारवट जमिनीतल्या भाताचा अभ्यास करणारे जगभरचे लोक त्याला नावाने ओळखतात. पनवेलच्या किती प्राध्यापकांना तो ठाऊक आहे? किती विद्यार्थ्यांनी ते केंद्र आतून पाहिले आहे? शाश्वत विकासावर राष्ट्रीय परिसंवाद भरवणाऱ्यांनी एखादे सत्र तरी या भातावर ठेवावे. पुरणपोळीच्या जेवणाइतकाही त्याला खर्च येणार नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या कर्जतचे. मुंबई आयआयटीत १९८५ मध्ये ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले, ‘सितारा’ म्हणून ते ओळखले जाते. प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कर्जत तालुक्यातल्या टँकरच्या वाड्या धरल्या. नळयोजना कागदावर पुरी आणि नळाला पाणी नाही, हे का होते याचा हिशेब मांडला: उंची किती, दाब किती, टाकीत किती पडते, शेवटच्या वाडीला किती पोहोचते. भावनेचा गहिवर नाही, पाइपाचा व्यास आहे. अशा कामातूनच जानेवारी २०१६ मध्ये राज्य सरकारचे ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ आले. जिल्ह्याने आपले प्रश्न महाविद्यालयांपुढे ठेवायचे आणि महाविद्यालयांनी त्यांचा अभ्यास करून द्यायचा, ही त्यामागची कल्पना. एका नळयोजनेचा असा अभ्यास करायला आयआयटीच लागते असे नाही. टेप, पातळी मोजायचे साधन, बादली आणि घड्याळ एवढ्यावर पनवेलच्या कुठल्याही कॉलेजातली चार मुले तो करू शकतात. फक्त एप्रिलमध्ये जावे लागेल.

आणि श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग हिंदुस्थान लीव्हरमध्ये संशोधन. ते सोडून हा माणूस १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढून बसला आणि २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. शाळेतून गळालेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हाताने करत विज्ञान शिकली. वीस वर्षे! आमच्याकडे सात दिवसांच्या शिबिराला ‘ग्रामजीवनाचा सखोल अनुभव’ म्हणतात.

अज्ञानाची किंमत काय असते, तेही बघा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवण्यात आला. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. पनवेलपासून हे ठिकाण किती लांब? मुंबई-पुण्याच्या वाटेवर, शेकडो ट्रेकर दर पावसाळ्यात ज्या वाडीतून चहा पिऊन वर जात, ती वाडी. आजूबाजूला अभियांत्रिकीची कॉलेजे आहेत, स्थापत्यशास्त्राचे विभाग आहेत, भूगोलाचे विभाग आहेत. उताराचा कोन, मातीचा थर, पावसात फुटणारे झरे, भेगा यांची नोंद करायला विद्यार्थ्यांना एक पावसाळा पुरला असता. डोंगरातल्या प्रत्येक वाडीची अशी नोंद आज आपल्याकडे असायला हवी होती. ती नाही, महिला सक्षमीकरणातील बचत गटांच्या भूमिकेवर मात्र प्रबंधांची रांग आहे. मला याचा संताप येतो, आणि तो झाकायचे मला काही कारण दिसत नाही.

ज्या गावांवर संशोधन करायचे ती गावेच पनवेलमध्ये उठत चालली आहेत, हेही विसरू नका. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने १९७० पासून पनवेल-उरण-ठाण्याकडच्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, दि. बा. पाटलांनी लढून साडेबारा टक्के विकसित जमीन मिळवून दिली. मग विमानतळ. उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली अशी दहा गावे हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटनही झाले. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा २९ गावे तिच्यात गेली आणि त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. भातशेती गेल्यावर आगरी कुटुंब दहा वर्षांनी कुठे असते, मोबदल्याच्या पैशाचे काय होते, खाडी बुजल्यावर मासेमारीवर जगणारी बाई काय विकते? जगातल्या विद्यापीठांनी इथे येऊन शिकावे असे हे प्रश्न आहेत. इथल्या विद्यापीठीय माणसांना मात्र ‘ग्रामीण’ म्हटले की गाय, गोठा आणि गांडूळखत आठवते.

मी हे बोललो की एक ठरलेले उत्तर येते: संशोधनाची भाषा गावकऱ्यांना कळणार नाही. कासाडीच्या मच्छीमारांना विचारा. ऑगस्ट २०१७ मध्ये कासाडीकाठच्या तळोज्यात कारखान्यांच्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले आणि जगभर बातमी झाली. त्याच्या आधीच इथल्या कोळी मंडळींनी नदीचे पाणी नवी मुंबई महापालिकेच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले होते. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, बीओडी, निघाली लिटरला ८० मिलिग्रॅम. ६ च्या वर गेली की मासे मरतात. हे आकडे त्यांना कळले, ते आकडे घेऊन ते भांडले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. बीओडी ज्याच्या जाळ्यात मेलेला मासा होऊन येते, त्याला बीओडी समजावून सांगायची गरज नसते. भाषेची अडचण गावाची नाही. इंग्रजीत उतरवलेला, जोडाजोड केलेला मजकूर मराठीत वाचायचा झाला तर आत काहीच नाही हे उघडे पडेल, ही अडचण आहे.

१८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बजावले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. रयतेच्या पैशाने रयतेवर अभ्यास होतो आणि तो रयतेलाच दाखवला जात नाही, ही त्या तक्रारीची आजची आवृत्ती आहे. आणि नव्या शैक्षणिक धोरणाने तर पदवीच्या प्रत्येक मुलाला समाजाशी जोडलेला दोन श्रेयांकांचा प्रकल्प लावून दिला आहे. आता प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्यांची फौज वाढणार.

म्हणून माझी मागणी एकच आहे. ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मेला असते, १५ ऑगस्टला असते, २ ऑक्टोबरला असते. त्यातल्या एका ग्रामसभेत गावाने प्रश्न द्यावा. दुसऱ्या ग्रामसभेत विद्यार्थ्यांनी उत्तर मराठीत वाचून दाखवावे, गावाने उलटतपासणी घ्यावी आणि तिचा ठराव कार्यवृत्तात नोंदवावा. गुण त्यानंतर. यासाठी नवे धोरण नको, समिती नको.

कुलगुरूंना मी हे सांगत बसणार नाही. पालकांनो, तुमच्या मुलाने गावावर प्रकल्प केला असेल तर तो गावाला कोणत्या तारखेला वाचून दाखवला, एवढे त्याच्या प्राध्यापकांना लेखी विचारा. आणि सरपंच, ग्रामसेवक, तुमच्या हातात तर खरी चावी आहे. ‘प्रकल्प आमच्या गावात पूर्ण झाला’ या ग्रामपंचायतीच्या पत्राशिवाय महाविद्यालयाची फाइल पुरी होत नाही. ते पत्र चहापाण्याच्या भिडेखातर देत जाऊ नका. अहवाल ग्रामसभेत वाचून होईपर्यंत शिक्का खणात ठेवा.